मे २०२५ चा भारत-पाकिस्तान संघर्ष गावच्या वाचनालयात कसा मांडावा

त्या चार दिवसांचं काही ना काही गावात प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. आधी काय झालं, नंतर काय झालं, हे सलग सांगणारे मात्र थोडे. जिल्हा परिषद शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक लांब भिंत मोकळी असेल, तर सगळा क्रम दोरीवर मांडता येतो.

पाच मीटर सुतळी, दोन मजबूत खिळे, कपड्यांचे चिमटे, शिवायचा दोरा, ९ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर उंच अशी जाड कागदाची कार्डं, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा एवढं लागतं. नकाशा दुसरा कुठला घेऊ नका. देशाची सीमा चुकीची दाखवणं गुन्हा आहे. चिमट्यांऐवजी चिकटपट्टी वापरली तर ती चुन्याच्या भिंतीवरून पोपडा घेऊनच निघते, आणि कणकेच्या खळीला उधई लागते. दोरी कूलरच्या झोतासमोर बांधू नका, कार्डं उलटीपालटी होतात.

६ आणि ७ मे यांच्यामधल्या मध्यरात्रीपासून १० मे संपेपर्यंत ९६ तास होतात. तासाला ४ सेंटिमीटर धरा, म्हणजे ३ मीटर ८४ सेंटिमीटर लागतील. दिवसाला एक खूण केली तर १० मेची सगळी कार्डं एकाच चिमट्यात कोंबावी लागतात, आणि समजून घ्यायचं सर्वात जास्त तिथंच आहे. दोरीच्या डावीकडे, मापाच्या बाहेर, दोन कार्डं लावा: २२ एप्रिल, पहलगामचा हल्ला, २६ जणांचा मृत्यू, आणि २३ एप्रिल, सिंधू पाणीवाटप करार स्थगित, अटारीची चौकी बंद.

आता मुख्य दोरी. पहिलं कार्ड ७ मे, पहाटे १:०५ ते १:३०: ऑपरेशन सिंदूर, नऊ ठिकाणी भारताचे हल्ले. नकाशावर बहावलपूर, मुरीदके, मुझफ्फराबाद, कोटली आणि सियालकोट एवढ्या टाचण्या पुरे. बहावलपूर सीमेपासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. अमरावती ते अकोला एवढं अंतर सांगितलं की लोकांना लगेच अंदाज येतो. त्याच दिवशी जम्मू-काश्मीरमधल्या पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात सामान्य माणसं मेली. हे कार्ड गाळू नका, पुष्कळ मांडण्यांत नेमकं तेच गळतं. पुढं ८ आणि ९ मेचे ड्रोन, मग १० मेला पाकिस्तानची बुनयान-उम-मरसूस नावाची लष्करी मोहीम आणि नूर खान, रफिकी, सरगोधा वगैरे पाकिस्तानी हवाई तळांवर भारताचे हल्ले.

दोन्ही बाजूंना मान्य असलेलं पांढऱ्या कार्डावर लिहा, एकाच बाजूचा दावा पिवळ्यावर, आणि पिवळ्यावर दावा कोणाचा तेही लिहा. किती विमानं पडली, यावर चर्चा नक्की भांडणाकडे जाते. पाकिस्तानचा आकडा पिवळ्यावर, भारतीय हवाईदल प्रमुखांनी ९ ऑगस्टला सांगितलेला आकडाही पिवळ्यावर. भारताचंही विमानांचं नुकसान झालं हे संरक्षण दल प्रमुखांनी ३१ मेला संख्या न सांगता मान्य केलं. ते त्यांच्या पदासह लिहा.

शस्त्रसंधीसाठी एकच कार्ड केलं तर मांडणी फसते. तीन करा. १० मे, दुपारी ३:३५: पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा भारताच्या महासंचालकांना फोन, बोलणं ठरलं. संध्याकाळी ५:००: जमीन, आकाश आणि समुद्र, तिन्हीकडे गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याची वेळ. सहाच्या सुमारास: परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांची घोषणा. पहिल्या दोन चिमट्यांत पावणेसहा सेंटिमीटर अंतर येतं आणि कार्ड ९ सेंटिमीटरचं आहे, म्हणून मधलं कार्ड दोऱ्यानं वीतभर खाली सोडा. घोषणेची वेळ हीच अंमलाची वेळ समजल्यामुळे त्या रात्रीच्या शस्त्रसंधी उल्लंघनाचा हिशेब चुकतो; मिस्रींनी त्याबद्दल त्याच रात्री पुन्हा निवेदन केलं. ट्रम्प यांनी जाहीर केलेली अमेरिकेची मध्यस्थी आणि बोलणं थेट दोन सेनांत झाल्याची भारताची भूमिका, ही दोन पिवळी कार्डं शेजारी-शेजारी लावा.

दोरीच्या उजवीकडे १२ मे: दोन्ही महासंचालक पुन्हा बोलले, एकही गोळी झाडायची नाही आणि सीमेवरचं सैन्य कमी करण्याचा विचार करायचा, यावर. तुलनेसाठी खाली १९६५ लावा. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव झाला, २३ सप्टेंबरला बंदुका थांबल्या आणि १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा लेखी करार झाला. २०२५ मध्ये असा करार झालाच नाही, फोनवरची समजूत झाली. हा फरक सावकाश सांगा.

गावातल्या माजी सैनिकाला जरूर बोलवा, पण तुकडी कुठं होती, दारूगोळा कुठं असतो, असले प्रश्न विचारू देऊ नका. पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार आहे, त्याच्या जवळच्या गावांत तर मुळीच नाही. शेतकरी हमखास विचारतात, मग पाण्याचं काय? १० मेच्या समजुतीनं १९६० चा सिंधू करार पूर्ववत झाला नाही, म्हणून २३ एप्रिलच्या कार्डावर “१० मेनंतरही स्थगित” असं आधीच लिहून ठेवा.