एकाच सर्व्हरवरच्या साइट्स आपापल्या फोल्डरमध्ये कोंडायच्या कशा

रावेर-यावलच्या केळीचे रोजचे भाव, अमळनेरच्या एखाद्या शाळेचा निकाल, नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याचा हिशेब: अशा साइट्स पुष्कळदा एकाच भाड्याच्या सर्व्हरवर असतात. शाळेच्या जुनाट प्लगइनमधून कोणी आत शिरला, तर व्यापाऱ्याच्या डेटाबेसचा पासवर्डही त्याच्या हाती लागू शकतो. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) असेल, तर सीएच-रूटने, म्हणजे साइटच्या प्रोसेसला तिचं फोल्डर हीच सगळी डिस्क वाटायला लावून, हे थोपवता येतं.

प्रत्येक साइटला वेगळा लिनक्स युजर आणि वेगळा पूल (पीएचपी-एफपीएमच्या प्रोसेसचा गट) द्या. पूलच्या फाइलमध्ये सीएच-रूटपुढे साइटच्या फोल्डरचा पूर्ण पाथ लिहा, सीएच-डीआयआरपुढे नुसता स्लॅश. कोड रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य ॲडमिन युजरच्या, मालकीचा ठेवा. युजरला लिहायची मुभा फक्त अपलोड, सेशन आणि टेंपमध्ये.

रीस्टार्टनंतर बहुधा ‘फाइल नॉट फाउंड’ दिसेल. एनजिनएक्स बाहेरचा पूर्ण पाथ पाठवतो, आणि कोंडलेल्या पीएचपीला तो दिसतच नाही. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये स्क्रिप्ट-फाइलनेम आतल्या स्लॅशपासून लिहा.

मग डेटाबेस अडतो. ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की पीएचपी मायएसक्यूएलची सॉकेट फाइल शोधतं, ती तर बाहेर राहिली, म्हणून त्याजागी १२७.०.०.१ लिहा. पेमेंट किंवा एसएमएस सेवेसाठी रिझॉल्व्ह-कॉन्फ (डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेली फाइल) आणि सीए सर्टिफिकेट्स (समोरच्या साइटची ओळख पटवणारी) आत कॉपी करा. डेबियन-उबुंटूवर टाइमझोन डेटाबेस करप्ट असल्याची तक्रार आली, तर झोनइन्फो फोल्डरही आत न्या. पीएचपीच्या मेल फंक्शनला शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) लागते. तेवढ्यासाठी शेल आत ठेवू नका, हल्लेखोरालाही तीच हवी असते. ईमेल एसएमटीपीने पाठवा.

सगळ्यात फसवा घोळ ऑपकॅशचा, म्हणजे तयार केलेला पीएचपी कोड मेमरीत साठवणाऱ्या भागाचा. त्याची मेमरी सगळ्या पूलना सामाईक असते, आणि आतून पाहिलं तर प्रत्येक साइटची इंडेक्स फाइल एकाच पाथवर दिसते. त्यामुळे केळीच्या भावाच्या जागी शाळेचं पान उघडू शकतं. मुख्य पीएचपी-आयएनआयमध्ये ऑपकॅशचं व्हॅलिडेट-रूट १ करा. मुळात ते ० असतं.

सीएच-रूट फक्त फाइल्स झाकतं. नेटवर्क आणि कर्नल सामाईकच राहतात, आणि आतल्या प्रोसेसला रूटचे अधिकार मिळाले तर ती बाहेर पडू शकते. म्हणून डेटाबेसचा युजरही साइटगणिक वेगळा हवा, आणि कर्नलचे अपडेट्स वेळच्या वेळी. शेवटी सर्व्हरची पासवर्ड फाइल (/etc/passwd) उघडायचा प्रयत्न करणारी छोटी स्क्रिप्ट साइटवर चालवा. ती फाइल सापडली, तर पूल अजून कोंडलेला नाही. तपासणी झाली की स्क्रिप्ट लगेच काढून टाका.