क्रॉस स्टिचचं डिझाइन निवडताना या चुका टाळा

रुखवतातला गणपती असो, दाराचं तोरण असो की बाळाच्या नावाची फ्रेम, डिझाइन पसंत केलं जातं ते तयार वस्तूचा फोटो बघून. पण आपण भरणार असतो तक्ता, म्हणजे चौकटींचा नकाशा: एक घर म्हणजे एक फुली, आणि घरातलं चिन्ह म्हणजे तिचा रंग. फोटो कितीही गोड असला तरी पैसे देण्याआधी तक्त्यावर आडवी-उभी किती घरं आहेत ते बघा.

150 बाय 200 घरांचं पूर्ण भरलेलं डिझाइन म्हणजे 30,000 फुल्या. रोज 300 भरल्या तरी 100 दिवस. लग्न दोन महिन्यांवर आलं असेल तर पार्श्वभूमी मोकळी सोडलेलं डिझाइनच घ्यावं.

मापाचा गोंधळही इथलाच. घरांच्या संख्येला कापडाच्या काउंटने, म्हणजे एका इंचात बसणाऱ्या घरांच्या संख्येने भागलं की इंच मिळतात. 140 घरांचं डिझाइन 14 काउंटच्या आयडावर (क्रॉस स्टिचसाठीचं चौकोनी विणीचं कापड) 10 इंच होतं, 11 काउंटवर जवळजवळ पावणेतेरा आणि 18 काउंटवर पावणेआठच्या आसपास. शिवाय फ्रेमसाठी चारही बाजूंनी तीन-तीन इंच कापड जास्त हवं.

मॅटीच्या (भरतकामाच्या जाडसर सुती) कापडावर भरणार असाल तर मोजपट्टी घेऊन बसा. मॅटीत उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी सारखी असेलच असं नाही. दोन इंचांत एकीकडे 28 आणि दुसरीकडे 24 घरं भरली, तर गोल चंद्र लंबगोल होणार. वेलबुट्टीत हे खपून जातं, चेहऱ्यात नाही.

फोटोवरून सॉफ्टवेअरने काढलेले तक्ते मी तरी नवशिक्यांना घेऊ देणार नाही. साठ-सत्तर रंग, आणि गालावर एकेका रंगाची एकेकच फुली. दर दोन फुल्यांनी सुई बदला, मागे दोऱ्यांचं जंजाळ. घेण्याआधी तक्त्याचा चेहऱ्याचा भाग मोठा करून बघा. एकच चिन्ह सलग पाच-सहा घरं दिसत नसेल तर सोडून द्या. आधीच सुरू केलं असेल, तर पार्श्वभूमीतल्या एकट्या फुल्या शेजारच्या रंगात भरून टाका. दुरून कोणाला कळत नाही. डोळे आणि ओठ मात्र तक्त्याप्रमाणेच भरा.

रंगांचे नंबर हा आणखी एक सापळा. डीएमसी आणि अँकर या दोऱ्यांच्या कंपन्या. परदेशी तक्त्यांवर बहुधा डीएमसीचे नंबर असतात आणि दुकानात मिळतो अँकर. काळा डीएमसीत 310, अँकरमध्ये 403; इथपर्यंत सोपं. पण बदली नंबरांची यादी फक्त जवळची छटा सांगते. त्वचेच्या लागोपाठच्या दोन छटांना कधी कधी एकच नंबर येतो, आणि मग नाक गालात विरघळून जातं. अशा लड्या दुकानाबाहेरच्या उजेडात शेजारी-शेजारी धरून बघा. फरक दिसला नाही तर एक छटा मुद्दाम एक पायरी गडद घ्या.

नावाच्या फ्रेममध्ये तर हमखास घोळ होतो. इंग्रजी कॅपिटल अक्षर सात घरांच्या उंचीत छान बसतं, म्हणून मराठी नावालाही तेवढीच जागा सोडली जाते. 'कौमुदी' भरून बघा. वर दोन मात्रा आणि वेलांटी, मग शिरोरेषा, मग अक्षर, खाली उकार. शिरोरेषेची एक ओळ, अक्षराला आठ, वर चार आणि खाली तीन धरल्या तर 16 ओळी होतात. 14 काउंटवर म्हणजे सव्वा इंचाला थोडं कमी. त्याहून कमी जागेत वेलांटी शिरोरेषेला चिकटते आणि उकार नुसता ठिपका उरतो. नाव आधी आलेखाच्या वहीत पेन्सिलीने काढा, तेही जोडाक्षरांसकट. जागा खरोखरच नसेल तर फुल्यांचा हट्ट सोडून दोऱ्याच्या एका पदराच्या बॅकस्टिचने (सलग रेघेसारख्या टाक्याने) लिहा. बारीक वळणं त्यात जास्त चांगली येतात.

तक्त्यात घराच्या कोपऱ्यात छोटी चिन्हं दिसली तर ते बहुधा पाऊण टाके, म्हणजे अपुऱ्या फुल्या असतात. आयडावर त्यासाठी चौकोनाच्या मध्यभागी सुई घुसवावी लागते. पहिल्याच कामात हे नको असेल, तर फक्त पूर्ण फुल्यांचं डिझाइन मागून घ्या.