अ‍ॅक्रिलिक नेल्स शिकताय? आधी बीड जमवा

मी सांगलीत विश्रामबागेत नेल्सचं काम करते. शिकायला येणाऱ्या मुली बहुतेक मोबाईलमधले डिझाइनचे फोटो पुढे करतात आणि हे कधी जमेल असं विचारतात. मी प्रत्येकीला एकच सांगते: आर्ट नंतर, आधी बीड.

ब्रश मोनोमरमध्ये, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या लिक्विडमध्ये, बुडवून अ‍ॅक्रिलिक पावडरला टेकवला की टोकावर जो गोळा धरतो, तो बीड. लिक्विड आणि पावडर एकत्र आली की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही मिनिटांत तो कडक होतो. जेल नेल्ससारखा सुकवायला लॅम्प लागत नाही, लाइट गेली तरी काम अडत नाही. पण एकदा बीड नखावर ठेवला की तो तुमच्यासाठी थांबत नाही. उष्णता जितकी जास्त, तितका तो लवकर आवळतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा पसरवायला मिळणारा वेळ फारच कमी. जानेवारीतल्या सकाळी तोच माल सावकाश सेट होतो. म्हणून सराव एकाच मोसमात उरकू नका.

ब्रश पूर्ण भिजवा, डॅपन डिशच्या (लिक्विडच्या छोट्या वाटीच्या) काठावर एक बाजू निथळा आणि मग टोक पावडरमधून हलकेच ओढा. बीड गोल, गुळगुळीत, किंचित चमकदार दिसायला हवा. नखावर ठेवल्यावर तो सावकाश बसला पाहिजे, पण त्याचा फुगवटा मोडता कामा नये. लगेच क्युटिकलकडे, म्हणजे नखाच्या मुळाजवळच्या कातडीकडे, वाहायला लागला तर लिक्विड जास्त झालं. कोरडा, रवाळ दिसला तर पावडर जास्त. हा अंदाज प्रॅक्टिस हँडवरच, म्हणजे सरावाच्या नकली हातावरच येतो, आणि तो यायला वेळ लागतो, तेवढा द्या.

पहिला बीड टोकाकडे, दुसरा मध्ये, तिसरा लहान आणि पातळ क्युटिकलजवळ. मधला महत्त्वाचा, कारण नखाची उंची म्हणजे अपेक्स तिथे येतो आणि सगळा ताण तोच पेलतो. क्युटिकल आणि मालामध्ये केसाएवढी फट सोडा.

नेल्स सुटतात तेव्हा मुली पावडरला दोष देतात. माझ्या अनुभवात कारण बहुतेक वेळा प्रेपमध्ये, म्हणजे नखाच्या पूर्वतयारीत असतं. नखावर चिकटलेली मेलेली कातडी नीट निघाली पाहिजे, १८० ग्रिटच्या फाइलने फक्त चमक घालवायची, मग नखाची ओल आणि तेल घालवणारा डिहायड्रेटर आणि माल धरून ठेवणारा अगदी थोडा प्रायमर. नैसर्गिक नखावर ड्रिल मशीन चालवून ते पातळ करू नका. माल उचलला गेला की आत ओल साचते आणि नख हिरवं पडतं, तो जंतुसंसर्ग असतो. अशा किंवा बुरशी आलेल्या नखावर काम घेऊ नका, क्लायंटला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा.

आता जे कोर्समध्ये घाईत उरकलं जातं ते. न सुकलेला माल वारंवार कातडीला लागला तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या उपचारातही याच जातीची रसायनं वापरतात, त्यामुळे तिथेही अडचण येऊ शकते. रोज हाताळणाऱ्या तुम्ही असता, धोका तुम्हाला जास्त. मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. खिडकी उघडी हवी. लेबल नसलेलं सुटं, स्वस्त लिक्विड घेऊ नका. त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असू शकतं. त्याची नखं इतकी कडक होतात की कुठे आपटली तर खालचं खरं नखच उखडतं, आणि अ‍ॅसिटोनमध्ये ती लवकर विरघळतही नाहीत. अमेरिकेत १९७० च्या दशकातच अशा मालावर कारवाई झाली होती. बाटलीवर ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) लिहिलेलं पाहून घ्या.

आपल्या गावाचं एक वेगळंच. हळदीचं गाव, त्यामुळे लग्नसराईत नवरी हळदीच्या आदल्या दिवशी फिकट गुलाबी नेल्स मागते आणि दुसऱ्या दिवशी ती पिवळी होतात. तिला हळद झाल्यावरची वेळ द्या. तेवढी सवड नसेल तर गडद रंग सुचवा. घरी भाकरी थापणाऱ्या ताईंना लांब नखं देऊ नका, त्यांनी कितीही हट्ट धरला तरी. आखूड आणि गोलसर दिलीत तर टिकतील आणि त्या परत येतील. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे मुळाशी पडलेली जागा भरून घेणं, लागतंच. हे पहिल्याच भेटीत सांगा.

फी भरण्याआधी क्लासमध्ये विचारा, नेल्स काढायला शिकवता का? वरचा थर फाइलने उतरवायचा, अ‍ॅसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून वीस मिनिटं किंवा जास्त ठेवायचा आणि मऊ झालेलं हळूच सारायचं. खरवडून ओढलं तर नखाचे पापुद्रे निघतात. हे शिकवत नसतील तर दुसरा क्लास बघा.