एनजिनएक्सची रिव्हर्स प्रॉक्सी लावताय? आधी मागचा पोर्ट बंद करा

ॲप ३००० नाहीतर ८०८० पोर्टवर चालतंय, आता ते डोमेनवर एचटीटीपीएसने उघडायचंय म्हणून पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून (बाहेरची रिक्वेस्ट घेऊन मागच्या ॲपला देणारा) बसवायचं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मागचा पोर्ट तसाच जगाला उघडा राहतो आणि मग सर्टिफिकेट, पासवर्ड, सगळं असून काही उपयोग नाही, कारण कोणीही थेट आयपी आणि पोर्ट टाकून आत येतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ॲपच्या सेटिंगमध्ये होस्ट ०.०.०.० (सगळ्यांना उघडं) असेल तर १२७.०.०.१ (फक्त त्याच मशीनपुरतं) करा. डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर अजून सांभाळून, कारण पोर्ट ८०८०:८०८० असा लिहिला की डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम टाकतं आणि यूएफडब्ल्यू या सोप्या फायरवॉलमध्ये तुम्ही तो पोर्ट बंद केला असला तरी बाहेरून उघडतोच, मला हे कळायला बराच वेळ लागला होता. तिथे १२७.०.०.१:८०८०:८०८० असं लिहायचं (फाइलमध्ये अर्थात सगळं इंग्रजीत). मग मोबाइल डेटावरून आयपी-पोर्ट टाकून बघा, पान उघडलं नाही पाहिजे.

डोमेनचा ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या आयपीवर जातं ती डीएनएसमधली नोंद) सर्व्हरच्या आयपीवर न्या. जुना एएएए रेकॉर्ड (तीच नोंद, पण आयपीव्ही६ साठी) कुठे दुसरीकडेच जात असेल तर तो काढा, नाहीतर लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा) आधी आयपीव्ही६ वर जाऊन बघतं आणि तुम्ही इकडे डोकं आपटत बसता. फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ उघडे ठेवा. "एचटीटीपीएसच वापरणार तर ८० कशाला" असं वाटतं, पण सर्टबॉटची (लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) नेहमीची तपासणी ८० वरूनच होते.

आता एनजिनएक्सचा सर्व्हर ब्लॉक, म्हणजे त्याच्या फाइलमधली या डोमेनची सेटिंग. सर्व्हर नेममध्ये डोमेन, लोकेशन स्लॅशमध्ये प्रॉक्सी पास आणि पुढे १२७.०.०.१:८०८० चा एचटीटीपी पत्ता. एवढ्यावर पान दिसतं आणि बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका, हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहिती) राहिलेत. प्रॉक्सी सेट हेडर वापरून चार पाठवा: होस्ट, एक्स-रिअल-आयपी, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. शेवटचा विसरलात तर ॲपला वाटतं की रिक्वेस्ट साध्या एचटीटीपीनेच आली, मग ते एचटीटीपीएसकडे रिडायरेक्ट करतं, ती परत प्रॉक्सीतून एचटीटीपी होऊनच येते, आणि ब्राउझर "टू मेनी रिडायरेक्ट्स" म्हणून हात टेकतो. आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर कोणीही खोटा पाठवू शकतं, त्यामुळे ॲपमध्ये ट्रस्टेड प्रॉक्सी म्हणून फक्त आपल्या प्रॉक्सीचा आयपी द्या, सरसकट सगळ्यांवर विश्वास नको. चॅट किंवा लाइव्ह अपडेट असतील तर वेबसॉकेटसाठी (सतत उघडं राहणारं कनेक्शन) प्रॉक्सीचं एचटीटीपी व्हर्जन १.१ आणि अपग्रेड, कनेक्शन हे दोन हेडर पण लागतात.

प्रॉक्सी पासच्या शेवटी स्लॅश द्यायचा की नाही हा वेगळाच ताप आहे. लोकेशन /ॲप/ असेल आणि पत्त्याच्या शेवटी स्लॅश दिला तर /ॲप/ कापून बाकीचा पाथ मागे जातो, नाही दिला तर अख्खा जातो. ४०४ आला तर पहिला संशय यावर.

फाइल सेव्ह केली की एनजिनएक्स -टी (सेटिंग तपासणारी कमांड) चालवा, आणि ओके आलं तरच रीलोड. नंतर सर्टबॉटला एनजिनएक्सचा पर्याय देऊन चालवा, तो सर्टिफिकेट आणून फाइलमध्ये स्वतःच टाकतो आणि ८० वरून ४४३ चं रिडायरेक्टही करून देतो. प्रयोग करायचे असतील तर ड्राय-रन (खरं सर्टिफिकेट न घेता नुसती चाचणी) लावूनच करा, कारण त्याच डोमेनसाठी आठवड्यात ५ पेक्षा जास्त वेळा तेच सर्टिफिकेट मिळत नाही. हाताने पाथ टाकणार असाल तर सर्टची फाइल नाही, फुलचेनची (सर्टसोबत मधली सर्टिफिकेटंही असलेली) टाका, नाहीतर कॉम्प्युटरवर चालतं आणि फोनवर एरर येते. टीएलएसची (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) १.२ आणि १.३ व्हर्जन पुरे, जुनी दोन (१.० आणि १.१) २०२१ मध्येच अधिकृतपणे मोडीत निघाली. एचएसटीएस (ही साइट इतका वेळ फक्त एचटीटीपीएसनेच उघड असं ब्राउझरला सांगणारा हेडर) लगेच ३१५३६००० सेकंदांचा म्हणजे वर्षाचा लावू नका, आधी ३०० ठेवा, सगळं नीट चाललं की वाढवा.

एरर आली तर आकडा बघा. ५०२ म्हणजे बहुतेक ॲप बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर असाल तर एसईलिनक्स (तिथली सुरक्षेची यंत्रणा) प्रॉक्सीला ॲपकडे जाऊ देत नसेल, तिथे एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट ऑन करावं लागतं. ५०४ म्हणजे ॲपला उत्तर द्यायला ६० सेकंदांपेक्षा जास्त लागले. ४१३ आला तर फाइल मोठी आहे, एनजिनएक्स मुळात १ एमबीच घेतं, क्लायंट मॅक्स बॉडी साइझ वाढवा. बाकीचं एरर लॉगमध्ये सापडतं.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉटचा टायमर ते आपोआप नवं करतो, पण सर्टबॉट रिन्यू ड्राय-रन एकदा आजच चालवून बघा.