खारफुटीतील तैलजनक बुरशी डीएनएवरून कशी ओळखावी

आचऱ्याच्या खाडीत ओहोटीला गोळा केलेल्या कुजक्या कांदळपानांवरून बुरशी वेगळी करताना प्रथम तिचे शुद्ध संवर्धन करावे, कारण दोन बुरश्या मिसळल्या की डीएनएचा क्रम वाचताच येत नाही. नाईल रेडने रंगवलेल्या तंतूंत प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली तेलाचे थेंब सोनेरी दिसतात. तरीही मेदाचे प्रमाण कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक भरल्याशिवाय तिला तैलजनक, म्हणजे भरपूर तेल साठवणारी, म्हणू नये.

कोवळे तंतू वाटून डीएनए काढावा आणि आयटीएस१ व आयटीएस४ या प्रायमरांनी (डीएनएच्या आखूड तुकड्यांनी) आयटीएस या भागाच्या असंख्य प्रती काढणारा पीसीआर करावा. काळपट बुरशीतील रंगद्रव्य पीसीआर रोखते; अशा वेळी डीएनए दहापट विरल करून पाहावा. क्रम दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावा आणि टोकांकडील अस्पष्ट भाग छाटावा.

खरी कसोटी पुढे आहे. आयटीएस हा डीएनएचा भाग बुरशीचा अधिकृत बारकोड, म्हणजे ओळखखूण, म्हणून २०१२ मध्ये सुचवला गेला, पण ॲस्परजिलससारख्या प्रजातीत जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या होत नाहीत. तेथे कॅल्मोड्युलिन जनुक पाहावे, तर यीस्टसाठी रायबोसोमच्या जनुकातील डी१-डी२ भाग घ्यावा. ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या साधनातील पहिलेच नाव उचलणे ही मला सर्वांत घातक सवय वाटते, कारण जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावांचे क्रमही आहेत. म्हणून प्रमाण-नमुन्यांचे (ज्यांवरून जातीचे नाव ठरले त्यांचे) क्रम घेऊन वंशवृक्ष काढावा आणि आपली बुरशी कोणत्या फांदीवर, किती बूटस्ट्रॅप आधाराने (त्या फांदीच्या खात्रीच्या मापाने) बसते, हे पाहूनच नाव द्यावे. एकाच जातीच्या दोन वाणांतही तेलाचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे नावावरून तेलाचा अंदाज बांधू नये.