जुना ब्लॉग नव्याने उभा करताना

कोल्हापुरातील तालमी, रंकाळा आणि पन्हाळा यांविषयीच्या माझ्या नोंदी ब्लॉगवर थोड्या आणि समाजमाध्यमांवर पुष्कळ अशा विखुरल्या होत्या. म्हणून लेखन आधी ब्लॉगवर प्रसिद्ध करायचे आणि इतरत्र केवळ दुवा द्यायचा, असे ठरवून दुरुस्ती हाती घेतली.

सर्वांत वेळखाऊ काम अक्षरांचे निघाले. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी प्रमाणपद्धती. तिच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी असली, तरी माझे सुरुवातीचे लेख जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होते. अशा फाँटमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतांक साठवतो आणि त्यांवर देवनागरी आकार चढवतो. त्यामुळे तो फाँट नसलेल्या मोबाइलवर निरर्थक चिन्हे दिसतात आणि 'पन्हाळा' असे शोधणाऱ्याला लेख सापडत नाही. रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावरही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नजरेखालून घालावे लागले, कारण जुन्या फाँटमध्ये ही वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. (जोडाक्षरांनी तर अंत पाहिला.)

स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचे नाव) घेतले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे ३०१ पुनर्निर्देशन, म्हणजे वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय, लावले; त्यामुळे इतरांनी दिलेले दुवे तुटत नाहीत. नवे लेख वाचकाच्या फीड-वाचकात थेट पोहोचवणारे आरएसएस फीडही चालू ठेवले. वाचणारे मोजकेच असले, तरी कोणता लेख कोणाला दिसावा हे तेथे दुसरे कोणी ठरवत नाही.

पावसाळ्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी कळवण्यासाठी मात्र मी व्हॉट्सअ‍ॅपच वापरतो, कारण ती माहिती काही तासांतच शिळी होते.