आयन चॅनलवरील औषधाचा परिणाम कसा ओळखावा

नाशिकमध्ये फार्मसी शिकणाऱ्यांनी आयन चॅनलवरील (पेशीपटलातून सोडियम, पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण ये-जा करू देणाऱ्या प्रथिन-मार्गांवरील) औषधांच्या याद्या पाठ करण्याआधी कागदावर पेशीपटल काढावे आणि दोन्ही बाजूंना आकडे लिहावेत: बाहेर सोडियम सुमारे १४५ आणि पोटॅशियम ४, आत सोडियम १२ आणि पोटॅशियम १४० मिलिमोल प्रतिलिटर. विश्रांत चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. त्यामुळे सोडियम चॅनल उघडला की सोडियम आत शिरून पेशी उत्तेजित होते, तर पोटॅशियम चॅनल उघडला की पोटॅशियम बाहेर पडून ती शांत होते. मुक्त कॅल्शियम पेशीच्या आत बाहेरच्या सुमारे दहा हजारांशच असल्याने त्याचा किंचित शिरकावही स्नायू आकुंचित करण्यास किंवा स्राव सुरू करण्यास पुरतो.

मग चॅनल कशाने उघडतो वा मिटतो ते पाहावे. सरावासाठी मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइडइतके चांगले उदाहरण नाही, कारण त्यात दोन चॅनल एकामागून एक येतात. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत ग्लुकोज वाढले की एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य वाढते आणि त्यामुळे एक विशिष्ट पोटॅशियम चॅनल मिटतो; हे औषध तोच चॅनल थेट मिटवते, पोटॅशियम बाहेर जाणे थांबते, विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम चॅनल उघडतात आणि इन्सुलिन स्रवते. साखर कमी असतानाही औषध आपले काम करतच राहते, त्यामुळे गोळी घेऊन जेवण टाळणाऱ्या रुग्णाची साखर धोकादायकरीत्या का उतरते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

चॅनलच्या अवस्थेचाही विचार करावा. जागेपुरती भूल देणारे लिडोकेन उघड्या किंवा निष्क्रिय (नुकताच उघडून तात्पुरत्या बंद झालेल्या) अवस्थेतील सोडियम चॅनलला अधिक घट्ट बांधले जाते, म्हणून वारंवार संदेश पाठवणारे तंतू त्याच्या तावडीत लवकर सापडतात.

निवडकता, म्हणजे औषध एका लक्ष्यावर चालून दुसऱ्यावर न चालणे, समजून घेण्यासाठी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे वळावे. फुलकिड्यांवर फवारले जाणारे इमामेक्टिन बेन्झोएट कीटकांतील ग्लुटामेट या चेतासंदेशक रसायनाने उघडणारे क्लोराइड चॅनल उघडे ठेवते आणि कीटक लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत हा चॅनलच नसतो. तरीही फवारताना हातमोजे आणि मास्क टाळू नयेत, कारण मोठ्या मात्रेत ते आपल्या चेतापेशी शांत करणाऱ्या गाबा या रसायनाने उघडणाऱ्या चॅनलवरही परिणाम करू शकते.

औषधाचे मूळ लक्ष्य कोणतेही असो, हृदयातील हर्ग हा पोटॅशियम चॅनल त्याने अडतो का, हे तपासावेच. तो अडला की ईसीजीवरील क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू विद्युतदृष्ट्या पूर्ववत होईपर्यंतचा काळ) वाढते आणि ठोक्यांत जीवघेणी अनियमितता उद्भवू शकते. ॲलर्जीवरील टर्फेनाडिन याच कारणाने १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून हटवण्यात आले.